शेजारी फुल फायबर, आपल्या घरी 'उपलब्ध नाही': नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

"पंधरा नंबरला मिळतं, एकोणीसला मिळतं, आमच्याच सतराला 'सध्या उपलब्ध नाही' असं येतं. रस्ता तोच, पोस्टकोड तोच. असं कसं?" यूकेत राहणाऱ्या ओळखीच्या मराठी घरांतून हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की एकदा सगळं नीट लिहून ठेवलेलं बरं.

आधी एक गाळणी लावू. अख्ख्या रस्त्यालाच फुल फायबर, म्हणजे थेट घरापर्यंत फायबरच्या तारेचं इंटरनेट, नसेल, तर पुढचं वाचून फारसं काही हाती लागणार नाही. दूरसंचार नियामक ऑफकॉमच्या आकडेवारीनुसार जुलै २०२४ मध्ये यूकेतल्या ६९ टक्के घरांपर्यंत फुल फायबर पोचलं होतं आणि त्यानंतर हा आकडा वाढत गेलाय. रस्त्यातल्या तारा टाकणाऱ्या ओपनरीच कंपनीचं उद्दिष्ट डिसेंबर २०२६ पर्यंत अडीच कोटी घरं-दुकानं आणि २०३० पर्यंत तीन कोटींच्या आसपास जाण्याचं आहे. तुमची गल्लीच त्या रांगेत मागे असेल तर थांबणं आलं. मी लिहितोय ते आजूबाजूला सगळीकडे असूनही एकट्या वगळलेल्या घराबद्दल.

अशा घराचं घोडं बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी अडलेलं असतं: पत्त्यात, खांबावर किंवा जमिनीखाली, नाहीतर परवानगीत. यातलं कुठलं, हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं. ते कळायच्या आत कस्टमर केअरला फोन लावू नका. बीटी, स्काय, टॉकटॉक, प्लसनेट ही सगळी विकणारी मंडळी. रस्त्यातली तार ओपनरीचची. ओपनरीच बीटी ग्रुपचीच, पण २०१७ पासून कायद्याने वेगळी कंपनी आहे आणि कनेक्शन ती तुम्हा-आम्हाला थेट विकत नाही. फोनवरचा माणूस तुमच्यासमोर असलेलाच स्क्रीन बघून तुम्हाला "उपलब्ध नाही" असं वाचून दाखवतो. त्या बिचाऱ्याचा यात दोष नाही, पण अर्धा तास तुमचाही जातो आणि त्याचाही.

शेजाऱ्याकडे जे आहे ते खरंच फुल फायबर आहे का?

हसू नका, निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं. यूकेत वर्षानुवर्षं 'फायबर' म्हणून जे विकलं गेलं ते रस्त्याकडेच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार, असं होतं. त्याचा वेग जास्तीत जास्त ८० एमबीपीएस. शेजाऱ्याकडे चहाला जाल तेव्हा राउटरची वायर कुठे जाते ते बघा. फोनच्या सॉकेटमध्ये जात असेल तर ते फुल फायबर नव्हे. भिंतीवर पांढरी छोटी पेटी असेल, तिच्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दिवे असतील आणि आत केसासारखी बारीक तार शिरत असेल, तर ती ओएनटी, म्हणजे खरं फुल फायबर.

दुसरं, ते कोणाचं आहे? सिटीफायबर, हायपरऑप्टिक, गिगाक्लिअर, कम्युनिटी फायबर अशा बऱ्याच कंपन्यांनी आपापली जाळी टाकली आहेत. त्यातल्या काही ओपनरीचच्याच खांबांवरून आणि डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) भाड्याने तारा नेतात, त्यामुळे नुसता खांब बघून मालक कळत नाही. शेजाऱ्याचं फायबर सिटीफायबरचं असेल आणि तुम्ही फक्त ओपनरीचवर विकणाऱ्या कंपनीकडे विचारत असाल, तर "नाही" हे उत्तर बरोबरच आहे. व्होडाफोन आणि झेन दोन्ही जाळ्यांवर विकतात, तिथे पत्ता टाकून पाहा. हल शहरात राहत असाल तर गोष्टच वेगळी: तिथलं जाळं पूर्वापार केकॉमचं.

दोन घरं शेजारी ठेवून बघा

किमतींची तुलना करणाऱ्या साइट्सवर विसंबू नका. त्यातल्या काही नुसत्या पोस्टकोडवर उत्तर देतात. एका पोस्टकोडमध्ये सरासरी पंधरा पत्ते असतात. चौदांना मिळत असेल तर पंधराव्यालाही हिरवी खूण दिसते.

तीन ठिकाणी पूर्ण पत्ता निवडून बघा: ओपनरीचची स्वतःची साइट, ऑफकॉमचा चेकर आणि बीटी होलसेलचा चेकर. शेवटचा दिसायला अगदी रुक्ष, धंद्यातल्या लोकांसाठी केलेला, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. तिथे फोन नंबर टाकून शोधायची सोय आहे, ती वापरू नका. फोन नंबर जुन्या तांब्याच्या नोंदीला बांधलेला असतो आणि काही वेळा पत्त्यापेक्षा वेगळंच उत्तर देतो. पत्त्याने शोधा. मग शेजाऱ्याच्या पत्त्यानेही शोधा आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट समोरासमोर ठेवा.

तुमचा पत्ता यादीत सापडतच नसेल, किंवा सापडतो पण जरा वेगळ्या रूपात, तर गडबड पत्त्याची. पत्ता बरोबर आहे, टेलिफोन एक्स्चेंज आणि कॅबिनेटचा नंबरही शेजाऱ्यासारखाच आहे, फक्त एफटीटीपीची (म्हणजे फुल फायबरची) ओळ गायब आहे, तर खांब, डक्ट किंवा परवानगी. आणि कॅबिनेटचा नंबरच वेगळा निघाला, तर तुमची तार दुसरीकडून येते. कोपऱ्यावरच्या घरांत हे हमखास होतं: दार एका रस्त्यावर उघडतं, पण तार मागच्या गल्लीतल्या खांबावरून येते आणि त्या गल्लीत काम अजून झालेलं नसतं.

एफटीटीपीच्या ओळीखाली जोडणी वरून की जमिनीखालून, नवीन ओएनटी मागवता येईल की घरात आधीच एक आहे, असं बारीक अक्षरात दिलेलं असतं. भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आला असाल तर हे जरूर वाचा. आधीच्या भाडेकरूने लावलेली ओएनटी कपाटामागे तशीच असू शकते.

पत्ता: पाणी बहुतेक इथेच मुरतं

भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे सोसायटीत नेट घ्यायचं म्हणजे केबलवाल्याला फोन, तो संध्याकाळी गच्चीवरून तार सोडतो, खिडकीला भोक पाडतो आणि पैसे घेऊन जातो. पत्ता म्हणजे "मारुतीच्या देवळासमोर, दुसरा मजला". इथे तार नंतर, आधी नोंद. नोंदीत तुम्ही नसाल तर तुमच्या दारासमोर फायबरचं भेंडोळं पडलेलं असलं तरी ऑर्डर पुढे सरकत नाही.

पत्त्याच्या नोंदी एकाच ठिकाणी नसतात. रॉयल मेलची स्वतःची यादी असते, पोस्टमन कुठे पत्र टाकतो त्यावर बेतलेली. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, प्रत्येक मालमत्तेला यूपीआरएन नावाचा जास्तीत जास्त बारा अंकी क्रमांक देते. नेटवर्क कंपनीची आपली तिसरी यादी. तिन्ही जुळल्या तर सगळं सुरळीत. एक जरी वेगळी पडली तर चेकर गोंधळतो.

सगळ्यात जास्त भोगतात ते दोन फ्लॅटमध्ये विभागलेल्या जुन्या घरांतले लोक. व्हिक्टोरियन काळातलं टेरेस घर (गच्चीचं नव्हे, रांगेतलं, भिंतीला भिंत लागलेलं), मधे जिना, खाली एक कुटुंब, वर एक. ओळखीतल्या एका जोडप्याचा रेडिंगमधला फ्लॅट असाच. लीजवर पत्ता '२७ए'. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट, २७'. बँकेत आणखी तिसरंच. बाहेरचं दार एक, पत्राची फट एक. अशा एकाच फटीतून टपाल घेणाऱ्या घरांची रॉयल मेलकडे मुख्य यादीत वेगळी नोंद नसते, ती 'मल्टिपल रेसिडन्स' नावाच्या वेगळ्या यादीत जाते, आणि बऱ्याच कंपन्यांचे ऑर्डर फॉर्म ती यादी वाचतच नाहीत. नेटवर्कच्या लेखी तिथे '२७' हे एकच घर होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी आधीच त्या '२७' वर फायबर घेतलेलं. वरच्यांनी मागवलं की उत्तर: या पत्त्यावर कनेक्शन चालू आहे, बदलून घ्यायचंय का? चुकून 'हो' म्हटलं असतं तर खालच्यांचं नेट बंद पडलं असतं.

यावर उपाय नेटवर्क कंपनीकडे सुरू होत नाही, कौन्सिलकडे होतो. प्रत्येक कौन्सिलमध्ये रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक देणारा विभाग असतो, 'स्ट्रीट नेमिंग अँड नंबरिंग'. आधी 'फाइंड माय अ‍ॅड्रेस' या साइटवर जाऊन तुमच्या फ्लॅटला स्वतंत्र यूपीआरएन आहे का ते बघा. फुकट आहे. असेल तर तो क्रमांक आणि तिथे दिसणारं पत्त्याचं अचूक रूप जसंच्या तसं लिहून घ्या, स्वल्पविरामासकट. नसेल, म्हणजे घरमालकाने घराचे दोन भाग केले पण कौन्सिलला रीतसर कळवलं नाही. मग अर्ज मालकाला करावा लागतो आणि बहुतेक कौन्सिल त्याची फी घेतात. तिथून माहिती रॉयल मेलकडे जाते. मग तुमची विक्रेती कंपनी ओपनरीचकडे पत्ता नोंदवण्याची किंवा दुरुस्त करण्याची विनंती पाठवू शकते, आणि त्या वेळी हातात यूपीआरएन असला की काम सोपं होतं. 'आमच्याकडे अशी सोय नाही' असं एखादी कंपनी म्हणाली तर दुसरी गाठा. माझा अनुभव असा की जाहिरातीवर कमी आणि इंजिनिअरवर जास्त खर्च करणाऱ्या छोट्या कंपन्यांत हे समजणारा माणूस लवकर भेटतो.

नव्या वसाहतींतही हाच घोळ, फक्त उलट्या बाजूने: बिल्डरने 'प्लॉट ४२' नावाने फायबर टाकून घेतलं, तुम्हाला मिळालेला पत्ता '९, अमुक क्लोज', आणि दोन्ही एकच आहेत हे कुणी कुणाला सांगितलंच नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२२ पासून इमारत नियमांतल्या 'पार्ट आर'नुसार नव्या घरांना गिगाबिट जोडणी देणं बिल्डरवर बंधनकारक आहे, एका घरामागे २००० पौंड खर्चाच्या मर्यादेत. त्यामुळे अगदी नवं घर असेल तर तार बहुधा आत आलेलीच असते. बिल्डरकडून प्लॉट नंबर मागून घ्या आणि कंपनीला दोन्ही पत्ते एकत्र कळवा.

खांबावर आणि जमिनीखाली

पत्ता ठीक निघाला तर बाहेर पडा आणि मान वर करा. तुमच्या घराकडे तार ज्या लाकडी खांबावरून येते तो शोधा. फायबर आलेल्या खांबाच्या वरच्या भागात काळी, लांबट पेटी दिसते. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा. त्या पेटीच्या कडेला ओळीने जोडबिंदू असतात, साधारण ८ किंवा १२, आणि प्रत्येकातून एक काळी तार एकेका घराकडे जाते. सगळे जोडबिंदू भरलेले दिसले तर तुमच्यासाठी जागाच उरलेली नाही. मागून फायबर घेणाऱ्यांना हा फटका बसतो, आणि चेकरवर आधी 'उपलब्ध' असलेलं घर मग 'अनुपलब्ध' होतं. ओपनरीचच्या नेहमीच्या रचनेत एक फायबर फोडून ३२ घरांपर्यंत वाटलेलं असतं, त्यामुळे तुटवडा पेटीत नसून मागच्या फाट्यावरही असू शकतो. ते खालून दिसत नाही. हा प्रश्न ओपनरीचच सोडवू शकते, पण त्यांना कुणीतरी ऑर्डरच्या रूपाने टोचल्याशिवाय तो वर येत नाही.

खांबावर लाल 'डी' लावलेला दिसला तर तो चढायला असुरक्षित ठरवलेला आहे. इंजिनिअर शिडी लावणार नाही, यंत्रावरचा पाळणा आणावा लागेल किंवा खांब बदलावा लागेल. त्या खांबावरची सगळी घरं यात अडकतात, आणि समोरच्या बाजूची, दुसऱ्या खांबावरची घरं मजेत ९०० एमबीपीएस वापरत असतात.

खांबच नसेल तर तुमची जोडणी जमिनीखालून आहे, आणि इथे घराचं वय महत्त्वाचं. १९६० ते ८० च्या दशकांतल्या बऱ्याच वसाहतींत टेलिफोनची केबल डक्टमध्ये न घालता सरळ मातीत पुरलेली आहे. तिच्या जागी फायबर ओढून नेता येत नाही, कारण ओढायला नळीच नाही. खोदाई करावी लागते, म्हणून अशा गल्ल्या मागे ठेवल्या जातात, आणि एकाच वसाहतीत एका ओळीला फायबर मिळतं, दुसरीला नाही. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना आणखी एक वारसा लाभलाय: शहर वसत असताना तांबं महाग म्हणून काही भागांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. जुन्या ब्रॉडबँडचा वेग तिथे मुळातच रडतो.

डक्ट आहे पण तो चेपलाय किंवा चिखलाने बुजलाय, असंही होतं. तुमच्या अंगणात नवी फरसबंदी केली असेल, किंवा आधीच्या मालकाने ड्राइव्हवे काँक्रीटचा केला असेल, तर पहिला संशय तिथे घ्या. मात्र हे चेकर सांगत नाही. घर 'उपलब्ध' दिसतं, इंजिनिअर येतो, दोरी अडकते, तो हात हलवत परत जातो आणि ऑर्डर लोंबकळते. अशी अर्धवट ऑर्डर पत्त्यावर तशीच राहिली की नवी घेता येत नाही. जुन्या कंपनीकडून ती रद्द झाल्याचं लेखी मागा.

परवानगी

फ्लॅटच्या इमारतीत राहत असाल तर हीच शंका आधी घ्या. बाहेरच्या भिंतीला पेटी लावायची, जिन्यातून तार न्यायची, तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी संमती लागते. या संमतीला इथे 'वेलीव्ह' म्हणतात. शेजारची इमारत दुसऱ्या मालकाची, त्याने सही केली, तुमच्याने पत्राला उत्तरच दिलं नाही, एवढाच फरक. खासगी रस्त्यावरच्या घरांचंही तेच: रस्ता कौन्सिलचा नसून रहिवाशांच्या कंपनीचा असेल तर खोदायला तिची मान्यता हवी.

मॅनेजिंग एजंट ताकास तूर लागू देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण २०२१ चा एक कायदा इथे कामाचा आहे, भाडेपट्ट्यावरच्या इमारतींमधल्या दूरसंचार सोयींसाठी केलेला. मालक उत्तरच देत नसेल तर नेटवर्क कंपनी ठराविक नोटिसा देऊन ट्रायब्युनलकडे जाऊ शकते आणि १८ महिन्यांपर्यंतचा हक्क मिळवू शकते. दोन अटी नीट लक्षात घ्या. मालकाने उत्तर दिलं, अगदी 'नाही' म्हटलं, तरी हा मार्ग चालत नाही. तो फक्त मौनावरचा उपाय आहे. आणि इमारतीतल्या एखाद्या रहिवाशाने सेवा मागितलेली असावी लागते. म्हणजे तुमची लेखी मागणी नुसती तक्रार राहत नाही, तिच्यावर कंपनीचा पुढचा अर्ज उभा राहतो. चार-पाच फ्लॅट मिळून मागणी केलीत तर कंपनीलाही त्या नोटिसांचा खटाटोप करावासा वाटतो.

लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून जपलेली, इमारत असेल तर कौन्सिलची वेगळी मंजुरी लागू शकते. त्यात घाई करून उपयोग नाही.

आता फोन करा, किंवा त्याहून बरं, ईमेल

ईमेल इंग्रजीत आणि थोडक्यात लिहा, पण चार गोष्टी असू द्या: तुमचा अचूक पत्ता आणि यूपीआरएन, फायबर मिळत असलेल्या दोन शेजारच्या घरांचे क्रमांक, दोन्ही चेकर स्क्रीनशॉट, आणि तुम्हाला काय सापडलं ते एका वाक्यात. "माझं इंटरनेट हळू आहे" असं लिहिलंत तर राउटर बंद करून चालू करायला सांगतील. "माझा यूपीआरएन तुमच्या नोंदीत नाही, कृपया ओपनरीचकडे पत्ता-दुरुस्ती पाठवा" असं लिहिलंत तर उत्तर देणाऱ्याला ते योग्य माणसाकडे ढकलावंच लागतं. खांबाचा प्रश्न असेल तर खांबावरच्या पाटीचा क्रमांक आणि फोटो जोडा. तरीही दाद लागली नाही तर स्थानिक खासदाराला लिहा. इथे ते अगदी रोजचं आहे, आणि खासदाराच्या कार्यालयाकडून गेलेलं पत्र नेटवर्क कंपनीत वेगळ्या टेबलावर पडतं.

'युनिव्हर्सल सर्व्हिस'चा हक्क आहे म्हणून काही जण तो दाखवायला जातात. मार्च २०२० पासून तो आहे खरा, पण त्यात हमी फक्त १० एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोडची, तीही जोडणीचा खर्च ३४०० पौंडांच्या आत असेल तर. तुम्हाला कॅबिनेटवरून ३५ मिळत असतील तर तो तुमच्यासाठी नाही.

तोवर काय घ्यायचं

फायबर यायला महिने लागणार असं दिसलं तर तांब्याच्या तारेवरचं कनेक्शन घेताना २४ महिन्यांच्या करारावर सही करण्याआधी एकच विचारा: मधेच याच पत्त्यावर फुल फायबर आलं तर दंड न भरता त्यावर जाता येईल का? बऱ्याच कंपन्या आपल्याच फायबर योजनेवर जाऊ देतात, पण ते लेखी घ्या. घरात ५जी चांगलं पकडत असेल तर महिन्यागणिक चालणारा ५जी राउटर हा मला जास्त सोयीचा मार्ग वाटतो. खिडकीत ठेवा, पडद्यामागे नको.

जुनी टेलिफोन सेवा जानेवारी २०२७ अखेर बंद होणार, म्हणून "तेव्हा आमचं ब्रॉडबँडही जाणार का" असं वयस्कर आई-वडील विचारतात. जाणार नाही. फायबर न पोचलेल्या घरांना फोनशिवायचं, त्याच तारेवरचं ब्रॉडबँड मिळत राहतं आणि लँडलाइन राउटरला जोडली जाते. फक्त आई-बाबांकडे गळ्यात घालायचं आपत्कालीन बटण असेल तर ते नव्या जोडणीवर चालतं का, हे त्या बटणाच्या कंपनीला आधी विचारा, आणि वीज गेली की राउटरवरचा फोनही बंद पडतो हे त्यांना सांगून ठेवा.